आठ जण, तीन रात्री, चार फेरीबोटी: निधीसाठी रिले धावणाऱ्यांना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. अंधेरीतल्या एका कार्यालयातले तुम्ही आठ सहकारी, त्यात तीन महिला, वयं अठ्ठावीस ते एक्कावन्न. प्रत्येकाची मुंबई मॅरेथॉनमधली हाफ, म्हणजे अर्धमॅरेथॉन, किमान एकदा झालेली. डिसेंबरात अलिबागजवळच्या मांडव्याहून कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत साधारण ५२५ किलोमीटरची सांघिक रिले स्पर्धा. मर्यादा ७२ तासांची, दिवसरात्र, एका वेळी संघातला एकच जण रस्त्यावर. त्या निमित्ताने एका ग्रामीण रुग्णालयाच्या बालविभागासाठी निधी उभा करायचा आहे. तुम्ही विचारलंय: सराव किती करायचा, क्रम कसा लावायचा, आणि पैशांचं कसं करायचं. मी अशा रिले धावलोही आहे आणि गेली बरीच वर्षं संघांचा क्रूप्रमुख, म्हणजे गाडीतल्या मदतनीसांचा प्रमुख, म्हणून गाडीत बसतोय. त्यामुळे उत्तरात गाडीतून दिसणाऱ्या गोष्टी जास्त असतील.

५२५ भागिले आठ म्हणजे माणशी पासष्ट-सहासष्ट किलोमीटर, तेही तीन दिवसांत वाटून. किलोमीटरला सात मिनिटं धरली तरी एकूण साधारण ६१ तास होतात. अकरा तास हातात उरतात. हाफवाल्यांना कागदावर हे सहज झेपण्यासारखं दिसतं आणि तिथेच संघ गाफील राहतात. ते अकरा तास धक्क्यावर बोटीची वाट बघण्यात, अंधारात चुकलेल्या फाट्यांत आणि पोट बिघडलेल्या गड्याच्या चालण्यात कधी संपतात कळत नाही. अंतराचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो थंड पडलेलं, आखडलेलं शरीर दर काही तासांनी अर्धवट झोपेतून उठवून पुन्हा धावायला लावण्याचा. वेग कमी पडला म्हणून मर्यादेबाहेर गेलेला संघ मी क्वचित पाहिलाय. झोपेचा हिशोब न ठेवल्यामुळे गेलेले पुष्कळ पाहिलेत. म्हणून तुम्ही विचारलेल्या क्रमाने न जाता आधी झोपेचं सांगतो.

बहुतेक नवे संघ काय करतात, तर एक ते आठ क्रमांक लावतात आणि प्रत्येकाला तासाभराची पाळी देतात. एक तास धावलं की सात तास मोकळे! पण ते सात तास मोकळे नसतातच. गाडी सतत पुढे सरकत असते, दर तासाला दार उघडतं, कुणीतरी घामाने थबथबलेला आत येतो, कुणीतरी बूट शोधतो, दिवा लागतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत आठही जण सारखेच तारवटलेले. त्यापेक्षा दोन गट करा, चार-चारांचे, दोन गाड्यांत. एक गट सहा तास रस्त्यावर, दुसरा सहा तास रस्त्यावरून पूर्णपणे बाहेर. रस्त्यावरच्या गटात तीस-तीस मिनिटांच्या पाळ्या फिरत राहतात, म्हणजे सहा तासांत प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या, सुमारे तेरा किलोमीटर. गट मिळून पन्नासेक किलोमीटर पुढे जातो. असे दहा-अकरा टप्पे झाले की गोवा आला.

मोकळ्या गटाने ते पन्नास किलोमीटर गाडीने आधीच पुढे जायचं आणि थांबलेल्या जागी, जमिनीवर आडवं होऊन झोपायचं. चालत्या गाडीतली झोप मी झोपेत धरतच नाही. प्रवास, अंघोळ, जेवण वजा केलं की सहा तासांतले साडेतीन तास झोपेला मिळतात. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, तेव्हा दोन पूर्ण चक्रं पदरात पडतात, आणि दर टप्प्यागणिक ती मिळत राहिली तर तिसऱ्या दिवशीही माणूस माणसासारखा बोलतो. जागा आधीच ठरवा. शाळेचा वर्ग, देवळाचा भक्तनिवास, ओळखीच्यांचं घर, घरगुती राहण्याची सोय, काहीही चालेल. पंखा आणि पाणी हवं. हॉटेलची खोली मिळाली तर उत्तमच, पण तिथे टीव्ही लावू देऊ नका. हे मी थट्टेने सांगत नाही.

पाळीच्या पंचेचाळीस मिनिटं आधी उठवायचं. झोपेतून उठल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं मेंदू जड असतो, आणि त्या अवस्थेत रस्त्यावर सोडलेला माणूस फाटा चुकतो किंवा ट्रकच्या उजेडाने गोंधळतो. पहाटे दोन ते पाच हा काळ सगळ्यांनाच अवघड. त्या वेळेला सर्वांत वेगवान गडी ठेवण्याचा मोह होतो. तसं करू नका. तुमच्यापैकी कुणी रात्रपाळी केलेली असेल, लहान बाळामुळे रात्री जागण्याची सवय असलेलं कुणी असेल, तर ती पाळी त्यांची. वेगवानांना दुपारी बारा ते चारमध्येही घालू नका. उन्हात ते स्वतःचा नेहमीचा वेग सोडायला तयार होत नाहीत आणि पुढच्या दोन पाळ्यांना मुकतात. दुपारी शांत डोक्याचा, मंद माणूस लागतो. तुमच्यातले एक्कावन्न वर्षांचे गृहस्थ बहुधा तेच असतील.

नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या मर्यादेत पूर्ण करून आले. एक सायकलवर, दुसरा गाडीत. दोघंच असल्यावर झोपेचे तुकडे होणार, त्याला इलाज नाही. तुम्ही आठ आहात, तेव्हा ते हाल कौतुकापोटी ओढवून घेऊ नका.

आता फेरीबोटी. या मार्गाचं खरं वैशिष्ट्य हेच आणि पहिल्यांदा येणारे संघ हेच विसरतात. किनाऱ्याने खाली उतरताना चार ठिकाणी खाडी बोटीने ओलांडावी लागते: राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्री नदीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड. या बोटी गाड्याही नेतात, पण रात्रभर चालत नाहीत. शेवटची बोट हुकली तर दोनच पर्याय: पहाटेपर्यंत धक्क्यावर बसा, नाहीतर खाडीला वळसा घालून पलीकडे जा, आणि तो वळसा कित्येक किलोमीटरचा असतो. म्हणून वेळापत्रक मांडव्यापासून पुढे मोजत आखू नका. चारही धक्क्यांच्या शेवटच्या बोटीच्या वेळा कागदावर मांडा आणि तिथून मागे मोजत या. सुटण्याच्या आदल्या आठवड्यात त्या वेळा धक्क्यावर फोन करून पुन्हा विचारा. भरती-ओहोटी, दुरुस्ती, गर्दी यांमुळे त्या बदलतात.

आयोजकांना आत्ताच लेखी विचारा: बोटीतला वेळ घड्याळात धरतात का? धावपटूने बोटीत चढताना कोणती गाडी सोबत हवी? बोट नसेल तर पर्यायी मार्ग मान्य आहे का? या तीन उत्तरांवर तुमची दुसरी रात्र अवलंबून आहे. बोट गाठायची म्हणून शेवटच्या तासात पाळ्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या करून सगळ्यांना ताणता येतं, पण एवढा जोर तीन दिवसांत एकदाच काढता येतो. तो कुठे खर्च करायचा हे आधी ठरलेलं बरं. मी तो दाभोळसाठी राखून ठेवतो. तिथला वळसा महागात पडतो, आणि त्याच्या आधीचा केळशी-आंजर्ले-हर्णैकडचा रस्ता इतका चढउताराचा आहे की नकाशावर पाहून काढलेली वेळ तिथे कधीच जमत नाही. कोकणातला किनारी रस्ता सपाट असेल असं मुंबईकराला वाटतं. प्रत्येक खाडीशी उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढायचं, असा तो आहे.

गाड्यांच्या चालकांबद्दल एक अट माझ्याकडून: प्रत्येक गाडीला दोन चालक, आणि त्यातला एकही धावपटू नको. रात्री धावून आलेल्याच्या हातात चाक देणारा संघ माझ्याबरोबर नसतो. चालकांची झोपही धावपटूंइतकीच तक्त्यावर लिहा. धावणाऱ्याच्या मागे दिवे लावून कासवगतीने गाडी नेण्याची पद्धत मला पसंत नाही. मागून येणाऱ्या एसटीला किंवा डंपरला ती गाडी वळणावर अचानक दिसते. गाडी दोन किलोमीटर पुढे जाऊन रस्त्याखाली, मोकळ्या जागी थांबावी. अंधार पडल्यावर धावणाऱ्याच्या सोबत एक सायकलस्वार असावा, बाई असो वा पुरुष. धावायचं गाड्या समोरून येताना दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने. चकाकणारं जॅकेट, डोक्यावर दिवा, पाठीवर लाल लुकलुकता दिवा. गावच्या वेशीवर कुत्री आली तर धावणं थांबवून चाला, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पाळीबदल वळणावर किंवा पुलावर कधीच नको. एसटीचा थांबा, शाळेचं पटांगण, पेट्रोल पंप बघा. आधीचा येण्यापूर्वीच पुढचा धावपटू गाडीतून उतरून, बूट बांधून, दिवा लावून तयार उभा असायला हवा, नाहीतर वेळ जातो. चाळीस सेकंद इथे, दीड मिनिट तिथे, असं करत शंभराहून जास्त पाळीबदलांत दोन तास जातात.

सराव तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. आत्ता जुलै आहे, हातात पाच महिने आहेत. आठवड्याला चाळीस ते पन्नास किलोमीटरपर्यंत हळूहळू या आणि तिथेच थांबा. महिन्यातून एकदा तिहेरी सराव करा: शुक्रवारी रात्री नऊला आठ किलोमीटर, शनिवारी पहाटे चारला आठ, दुपारी अकराला पुन्हा आठ. मधल्या वेळात खरोखर झोपायचं, खायचं, कपडे बदलायचे. या चोवीस किलोमीटरांतून जे कळतं ते सलग तिसातून कळत नाही. चढासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, ठाण्याचा येऊर, बेलापूरचा पारसिक डोंगर. शहरातच राहायचं तर पेडर रोड आहेच. उतारावर धावण्याचा सरावही करा, कारण मांड्या भरून येतात त्या उतारानेच. १५ ऑगस्टला शिवाजी पार्कवरून होणाऱ्या बारा तासांच्या मुंबई अल्ट्रामध्ये जागा मिळाली तर तिथे जा आणि बारा तासांत खाण्यापिण्याचं काय होतं एवढंच पाहा. पाऊस आहे म्हणून रडू नका. ओल्या मोज्यांत पाय कुठे सोलतात ते आत्ताच कळेल. मीठ, घाम आणि दमट हवा मिळून तिसऱ्या दिवशी काखेपासून टाचेपर्यंत सोलून काढतात, त्यामुळे व्हॅसलिनचा मोठा डबा, दर पाळीला कोरडे मोजे आणि बुटांचे दोन जोड.

खाण्याबाबत मुंबईकरांना एक सांगणं. कोकणात चाललोय म्हणजे सुरमई थाळी हे गणित तीन दिवस बाजूला ठेवा. तळलेलं, मसालेदार खाणं पोटात रेंगाळतं आणि पुढच्या पाळीला वर येतं. मऊ भात-दही, पेज, मेतकूट भात, केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला बटाटा मीठ लावून. रस्त्यावरच्या सहा तासांत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून हिशोब करा. वडापाव गोव्यात पोहोचल्यावर खा, तिथेही मिळतो.

पाण्याबद्दल मात्र काळजीने वाचा. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही आणि माणूस घाबरून साधं पाणी ढोसत राहतो. त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे गोंधळ उडतो, आणि सोबतचे म्हणतात, अजून पाणी पाजा. सरावात पाळीच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं पाकीट बाटलीत असं अंदाजाने नको. शहाळं छान लागतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, तेव्हा शहाळ्यासोबत खारे शेंगदाणे घ्या. कोकम सरबत मीठ घालून चालतं. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन धावू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

कुणाला थांबवायचं हा निर्णय धावपटूचा नाही, त्याच्या मित्राचाही नाही. तो क्रूप्रमुखाचा, आणि हे सुटण्याआधी आठही जणांनी मान्य केलेलं असावं. उलट्या थांबत नाहीत, लघवी चहासारखी गडद आहे, बोलणं असंबद्ध होतंय, यातलं एक जरी दिसलं तरी तो टप्पा संपला. उन्हात धावून आलेला बरळायला लागला तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, मान-काखेत बर्फ ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडीत कोंबून दवाखाना शोधत फिरू नका. रिलेची एक सोय अशी की एक जण गळाला तरी संघ संपत नाही. १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेल्या ट्रेलवॉकरमध्ये चौघांनी शंभर किलोमीटर एकत्र पार करायचे असतात, तिथे एकाचा घोटा म्हणजे चौघांचा घोटा. तुमच्याकडे चारचे तीन झाले तर पाळ्या वीस मिनिटांच्या करा आणि दुसऱ्या गटाकडून एक तास उसना घ्या. हा पर्यायी तक्ता आधीच छापून गाडीत ठेवा, दुसऱ्या रात्री डोकं चालत नाही.

आता पैसे. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त ढिलाई असते, आणि तीही चांगल्या माणसांकडून. तुमच्यापैकी कुणाच्याही जीपेवर देणगी घेऊ नका, एक रुपयासुद्धा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे, नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. तुम्हाला त्या वाटेला जायची गरजच नाही. रुग्णालय चालवणारा न्यास नोंदणीकृत असेल तर देणगी थेट त्याच्या बँक खात्यात जाऊ द्या. तुम्ही फक्त खात्याचा तपशील आणि संघाचं नाव पुढे पाठवायचं. देणगीवरची आयकर सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती आहे का ते न्यासाकडून लेखी घ्या. देणगीदारांना दोन गोष्टी आधी सांगा: दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही वजावटच मिळत नाही. अमेरिकेतला मामेभाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेलं असेल तर न्यासाकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या त्यासाठीच्या ठरावीक खात्यातच यायला हवेत.

प्रवेश फी, गाड्या, डिझेल, राहणं, खाणं हे सगळं तुम्ही आठ जणांनी खिशातून भरा आणि पहिल्याच निरोपात तसं लिहा. कारण कुणीतरी विचारणारच: "आमच्या पैशांनी गोव्याला चाललात का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधीच दिलेलं असलं की पुढचं मागणं सोपं जातं. कार्यालयाने गाडीचा खर्च उचलला तर तोही वेगळा दाखवा.

मागायचं कसं? ग्रुपवर एकच निरोप ढकलला की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. नावानिशी, एकेकाला लिहा, आणि रक्कम सुचवा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात गॉर्डी क्लॅट नावाच्या शल्यविशारदाने कर्करोगाच्या निधीसाठी एका ट्रॅकवर चोवीस तास फेऱ्या मारल्या, ८३ मैल केले आणि सुमारे २७,००० डॉलर जमले. त्यात एक युक्ती होती: रात्रभर मित्र पंचवीस डॉलर देऊन अर्धा तास त्याच्या सोबत चालायला-पळायला येत होते. पुढे त्यातूनच रिले फॉर लाइफ हा कर्करोगाच्या निधीसाठीचा उपक्रम उभा राहिला. तुम्ही हे ऑगस्टपासून करू शकता. रविवारच्या सरावाला मरीन ड्राइव्हवर किंवा आरेत देणगीदाराला सोबत दोन किलोमीटर चालायला बोलवा. आधी न्यासाला देणगी, मग चालणं. प्रति किलोमीटर दहा रुपये अशी वचनं मी सहसा घेत नाही. संघ अडकला तर अर्धे लोक हिशोब करत बसतात आणि उरलेले विसरतात. पूर्ण रक्कम सुटण्याआधी जमा झालेली बरी. म्हणजे पहाटे तीनला एखाद्या चढावर कुणाला निधीची चिंता राहत नाही, आणि क्रूप्रमुखाला धावपटूला थांबवताना "आता लोकांना काय सांगायचं" हे ऐकावं लागत नाही.

परतल्यावर न्यासाकडून जमा रकमेचा एकत्रित आकडा लेखी मागा आणि तो जसाच्या तसा सगळ्या देणगीदारांना पाठवा. ८०जीचं प्रमाणपत्र न्यासाकडूनच येतं, बहुधा आर्थिक वर्ष संपल्यावर. त्यासाठी प्रत्येकाचा पॅन आणि पूर्ण नाव देणगी देतानाच न्यासाकडे नोंदलं गेलंय ना, एवढं तुमच्यातल्या एकाने दर आठवड्याला तपासावं. तो एक जण शक्यतो लेखा विभागातला असावा, आणि संघनायक नसावा.